ट्यूबमधलं कुंकू

सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी असायची. नवीन मुलांना वाटायचं, सर घरी स्कूटर उघडून बसत असतील. ते डाग सिल्व्हर नायट्रेटचे होते. मतदानाला बोटावर लावतात त्या शाईत हेच असतं. उजेड लागला की काळं पडतं आणि वरची कातडी जाईपर्यंत निघत नाही. "मी रोजच मतदान करतो, निवडून मात्र कुणी येत नाही," असं सर म्हणायचे. हा विनोद ते वर्षातून दोनदा करत आणि स्वतः कधी हसत नसत.

मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. नाशिकचं आमचं कॉलेज संशोधनासाठी नावाजलेलं वगैरे अजिबात नव्हतं. सरांनी तिथे वीसेक वर्षं टायट्रेशन शिकवलं, मुलांची जर्नलं तपासली, परीक्षेच्या दिवशी कॉप्या पकडल्या. निवृत्ती दिसायला लागली तेव्हा त्यांच्या डोक्यात हे भूत शिरलं.

भूत असं की चांदीचे अगदी मोजके अणू, चार-पाच किंवा दहा, एकत्र धरून ठेवता आले तर तो लहानसा पुंजका अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली स्वतःचा उजेड टाकतो. चांदीची चकाकी वेगळी. हा उजेड रंगीत असतो, लाल नाहीतर हिरवा. अडचण एकच, चांदीच्या अणूंना गर्दी करायची भारी हौस. पाच जमले की मागोमाग पाचशे येतात आणि ट्यूबच्या तळाशी काळा गाळ बसतो. त्यांना पाच-दहावर रोखायचं तर डीएनएचा छोटासा धागा लागतो. मी पहिल्या दिवशी डीएनए म्हटल्यावर आईबापाचे गुण वगैरे बोलायला लागले तर सरांनी मला मध्येच तोडलं. "ते सगळं विसर. तुमच्या बागेत द्राक्षाचा वेल मांडवाच्या तारेला धरून राहतो ना? ही तार आहे. चांदी हा वेल." निफाडकडच्या बागायतदाराच्या मुलीला याहून सोपं कुणी सांगितलं नसतं.

कृती म्हणाल तर चहाइतकी सोपी. धागा पाण्यात विरघळवायचा, त्यात चांदीचा क्षार घालायचा, थोडं थांबायचं. मग कॅन्टीनच्या फ्रीजमधून मागून आणलेल्या बर्फावर बोरोहायड्राइड नावाचं औषध ताजं कालवायचं, त्याचा थेंबभर टाकून ट्यूब हलवायची आणि वाट बघायची. तासा-दीड तासात लाल उजेड यायला हवा. आमच्याकडे सात महिने आला नाही. कॅन्टीनवाला बर्फ देताना "आज तरी?" म्हणून विचारायला लागला होता.

हे सगळं चालायचं जिन्याखालच्या खोलीत. कधीकाळी ती फोटोग्राफीची डार्करूम होती. आत एक टेबल, दोन स्टुलं, दिव्याचा काळा पत्र्याचा डबा आणि आम्ही दोघं. त्या खोलीत सरांचा एक कायदा होता. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं जे हत्यार असेल ते घासायचं, मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. घरी आमच्या छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टर असे तिघं मानकरी. कॉलेजात लॅबचे अटेंडंट, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते आदल्या दिवसापासून कंबर कसायचे. तराजू पुसायचे, ब्युरेटी धुवायचे, पाणी शुद्ध करायच्या डिस्टिलेशनच्या यंत्राच्या पोटातला वर्षाचा क्षार खरवडून काढायचे आणि सगळ्यांना झेंडूची एकेक माळ. मोठ्या लॅबमध्ये सर यात पडत नसत, तो मामांचा प्रांत. जिन्याखाली मात्र सक्त मनाई. "इथे फूल नाही, उदबत्ती नाही, कुंकू नाही. मला ट्यूबमध्ये चांदी हवी आहे, प्रसाद नको."

सरांच्या घरी सत्यनारायणसुद्धा कधी झाला नव्हता, मुलीचं लग्न रजिस्टर पद्धतीनं. असल्या माणसाशी वाद कोण घालणार?

वाद मी घातलाच नाही. त्या वर्षी खंडेनवमीला सर दुपारी लवकर घरी गेले आणि मी मामांच्या तबकातलं चिमूटभर कुंकू घेऊन जिन्याखाली शिरले. बाकी सगळ्यांच्या गळ्यात माळा आणि आमचा काळा डबा बिचारा अंधारात उपाशी, याचं मला खरंच वाईट वाटलं. आज हे सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटत होती. डब्याच्या मागच्या बाजूला बोट टेकवलं, ट्यूबच्या स्टँडला टेकवलं, थेंब मोजून टाकायच्या पिपेटच्या मुठीला टेकवलं. हात जोडले. बोट ओढणीला पुसलं.

आणि मग मी ते केलं ज्याच्यामुळे ही गोष्ट सांगायची वेळ आली. पिपेटच्या टोकाला प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या लावाव्या लागतात, त्यांना टिप्स म्हणतात. प्रत्येक थेंबाला नवी टिप. मोठ्या संस्थांत त्या डब्यात रचून येतात. आमच्याकडे सुट्या पिशवीत यायच्या आणि मी ज्वारी निवडायला बसावं तशी बसून एकेक डब्यात खोचायचे. हातात वेळ होता म्हणून तेव्हाच बसून डबाभर टिप्स खोचून टाकल्या. हातमोजे घातले नाहीत.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखा प्रयोग लावला. नेहमीसारख्या ट्यूब डब्यात ठेवून जेवायला गेलो. परत येऊन दिवा लावला तर आत तीन लाल ठिणग्या.

सर स्टुलावर बसले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. दिवा बंद करायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. मग उठून स्वतः मामांना बोलावून आणलं. मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. "लय भारी, सायेब. डाळिंबाच्या दाण्यावानी हाय." सरांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. मामा एवढे गोंधळले की त्यांनी वाकून सरांना नमस्कारच केला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं, पुन्हा लाल. सरांनी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना कळवलं. या उजेडाचा आलेख काढणारं यंत्र त्यांच्याकडे होतं, आमच्याकडे फक्त डोळे. त्यांचा उलट फोन आला. येत्या शनिवारी या, नमुने आणा आणि आमच्या लोकांसमोर तासभर बोला. सरांना आजवर सगळ्यांनी पेपर तपासायला बोलावलं होतं. बोलायला कुणीच नाही. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभे राहून ते भाषणाची तालीम करायचे आणि मी मागच्या बाकावर बसून पुणेकरांच्या वतीने प्रश्न विचारायचे.

मंगळवारी मी एकटी आत होते. खिडकीवरचा काळा कागद सुटला होता, तो चिकटवता चिकटवता डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि आतला दिवा चालू. सहज खाली नजर गेली. स्टँडच्या कडेला बोटाएवढा ठिपका पेटलेला होता. लाल.

मी तो नखाने खरवडला, बाहेर उजेडात नेऊन बघितला. कुंकू. बाजारातल्या कुंकवात हळद नावाला आणि रंगच फार, आणि असले रंग अशा दिव्याखाली कसे भडकतात हे एम.एस्सी. झालेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. मी टिप्सच्या डब्याकडे बघितलं. दसऱ्यानंतरच्या सगळ्या ट्यूब याच डब्यातल्या टिप्सनी भरल्या होत्या. सात महिने न आलेला उजेड नेमका त्याच आठवड्यात आला होता. कोरी ट्यूब, म्हणजे चांदी न घातलेली, ताडून बघायला ठेवतात ती, काळीच दिसली होती खरी. पण डीएनए महाग म्हणून आम्ही ती आधीच्या महिन्यातलीच चालवत होतो. तिला या डब्यातली टिप लागलेलीच नव्हती.

म्हणजे सर शनिवारी पुण्याच्या लोकांना माझं कुंकू दाखवणार होते.

त्या दिवशी मी बोलले नाही. बुधवारी पोट दुखतंय असं कळवून घरी पळाले. ऑक्टोबरची छाटणी जोरात होती, आई छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावणाऱ्या बायांवर लक्ष ठेवत बांधावर उभी. माझ्याकडे एकदाच बघून म्हणाली, "काय गं, तोंड का पाडलंय? पोटाचं तं नाय दिसत." मी सगळं सांगितलं. डीएनए तिला कळला नसेल, कुंकू बरोबर कळलं.

"मंग सरांना सांगितलं का?"

"नाही."

"का?"

"ओरडतील."

"ओरडू दे की. चुकीचं औषध मारलं तं बाग आठ दिवसांनी सांगतीच. तवा सांगण्यापरीस तू आज सांग." आणि मला घरात बसूही न देता तिने संध्याकाळच्या एसटीत बसवलं.

गुरुवारी सकाळी मी जिन्याखाली उभी राहून एका दमात बोलले. डबा, स्टँड, पिपेट, टिप्स, ओढणी. सर ओरडले नाहीत, ते परवडलं असतं. आधी ऐकून घेतलं आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी या खोलीत एकच गोष्ट सांगितली होती. एकच." मग बाहेर निघून गेले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मामा दारात येऊन उभे राहिले, "चूक तबकाची हाय ताई, मीच झाकाया पायजे व्हतं," असं काहीतरी म्हणाले आणि गेले.

तासाभराने सर आले तेव्हा चेहरा शिक्षकाचा झाला होता. "ऐक. त्याच डब्यातल्या टिप्स घ्यायच्या, हात लावायचा नाही. उद्या दोन ट्यूब. एकीत सगळं, दुसरीत चांदी सोडून सगळं. औषध पडल्या क्षणापासून आपण बघत बसायचं, जेवायला जायचं नाही. कुंकू असेल तर ते वाट बघायला लावणार नाही. दिव्याखाली धरलं की दोन्ही ट्यूब लगेच पेटतील. चांदी असेल तर आधी अंधार, आणि उजेड येईल तो एकीत, सावकाश." त्यांनी पाकिटासारखी घडी घातलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. दोन्ही कडांना स्टेपल मारलेले, वर पुण्याचा फॅक्स नंबर. "लगेच पेटलं तर फॅक्सच्या बूथवर जाऊन हा पाठव. फोनवर मला हे बोलता येणार नाही. तिथेच उघड, आधी नाही."

मी तो पर्समध्ये ठेवला. बाहेरून नुसता फॅक्स नंबर दिसत होता, पण दिवसभर पर्स जड लागत होती. आत काय असणार ते मला ठाऊकच होतं. माझं नाव, माझा गाढवपणा, आणि कदाचित माझ्या पीएच.डी.चा शेवट.

शुक्रवारी साडेअकराला औषधाचा थेंब पडला. सरांनी दिवा लावला. सात महिने आम्ही त्या डब्यात उजेड शोधत होतो, आणि आज दोघंही काही दिसू नये म्हणून डोळे फाडून बसलो होतो.

"दिसतंय काही?"

"नाही सर."

"नीट बघ."

"नाही सर, काहीच नाही."

"छान."

माझा विश्वास बसेना. डोळे ताणून ताणून मला भिंतीवर, सरांच्या चष्म्यावर, स्वतःच्या बोटांवर लाल ठिपके दिसायला लागले होते. ट्यूबमध्ये मात्र गुडुप अंधार. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिवा सतत लावला तर नमुना खराब होतो म्हणून सर मधून मधून तो बंद करत आणि आम्ही काळोखात एकमेकांचा श्वास ऐकत बसत असू. वर जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत गेले, तास सुटला असावा. मामांनी बाहेरून विचारलं, "काय झालं का?" सर आणि मी एकदमच ओरडलो, "नाही!" आणि इतक्या आनंदाने, की मामा घाबरले असावेत.

मग दुसरी भीती सुरू झाली. लगेच पेटलं नाही हे ठीक, पण काहीच पेटलं नाही तर? बारा वाजून गेले. सव्वाबाराला काही नाही. साडेबाराच्या सुमारास सरांनी दिवा लावला तेव्हा डावी ट्यूब काळी नव्हती. लालही नव्हती. राखेखालचा निखारा फुलायच्या आधी जसा भास होतो तसा भास. पुढच्या वेळी तो भास तांबूस झाला आणि एक वाजता डावी ट्यूब डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. उजवी, चांदी नसलेली, डब्याच्या पत्र्याइतकी काळी.

सरांनी स्टूल मागे सारलं. इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "मामांना चहा सांग," म्हणाले, "तीन." मी दार उघडलं, बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं आणि मी पुन्हा रडले. या वेळी सुटल्यासारखं रडले. असं हलकं मला नंतर लग्नात वाटलं नाही, मुलगी झाली तेव्हा थोडंफार वाटलं.

चहा पिताना सर अचानक मामांना म्हणाले, "तुम्ही यंत्र कधी खरवडलं?" मामा म्हणाले, "खंडेनवमीच्या आदल्या दिशी. आत लय थर व्हता." सर बशीकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "पाणी." क्षाराने भरलेल्या यंत्राचं पाणी सात महिने आम्ही वापरत होतो. डोळ्यांना न दिसणारं मीठ त्यात येत असणार आणि मीठ म्हणजे चांदीचा वैरी, धाग्यापर्यंत पोचायच्या आतच तिला धरून ठेवतं. पूजेसाठी यंत्र घासलं गेलं आणि त्याच आठवड्यात उजेड आला.

"म्हणजे खंडेनवमीनंच झालं, सर," मला राहवलं नाही.

"घासणं कामी आलं," सर म्हणाले. "कुंकू नाही." पण म्हणाले हसून. "आणि ते पाकीट फाडून टाक."

शनिवारी पुण्याच्या यंत्राने चांदीचाच आलेख काढला. सरांनी नवा शर्ट घातला होता, बोटं तशीच काळी. भाषणात त्यांनी कुंकवाची गोष्ट एका वाक्यात सांगून टाकली, लोक हसले, आणि ते शास्त्रज्ञ हसता हसता वहीत काहीतरी लिहून घेत होते. आमचा शोध म्हणजे जगाला हादरा वगैरे नव्हता. एक लहानसा लेख झाला, माझी पीएच.डी. झाली, सर वेळेवर निवृत्त झाले. पुढच्या खंडेनवमीला जिन्याखालच्या दाराला, बाहेरून, एक झेंडूची माळ होती. कुणी लावली ते मी विचारलं नाही.

पाकीट मी फाडलं नव्हतं. घाईत ते वहीत गेलं आणि वही ट्रंकेत. काही वर्षांनी घर बदलताना ते हाती लागलं, गंजलेल्या स्टेपल्ससकट. दुपारची वेळ, घरात कुणी नव्हतं. मी उघडलं. सरांचं तिरकं अक्षर, पाच ओळी. निकाल चुकीचा ठरला आहे, व्याख्यान रद्द करावं. खंडेनवमीला मी स्वतः उपकरणांना हळदकुंकू लावलं होतं, त्याचा अंश नमुन्यात मिसळला. माझी विद्यार्थिनी त्या दिवशी रजेवर होती, तिचा याच्याशी संबंध नाही. तिचं काम आपण वेगळं तपासावं.

ज्या माणसाने जन्मात देवापुढे उदबत्ती लावली नाही त्याने हे लिहून, स्टेपल करून, माझ्याच हातात दिलं होतं. मी जमिनीवर बसूनच त्यांना फोन लावला.

"सर, खंडेनवमीला कुंकू तुम्ही लावलं होतं?"

पलीकडे त्यांनी खाकरून घेतलं.

"तो फॅक्स गेला नव्हता ना?"

"नाही सर."

"मग झालं तर," सर म्हणाले, आणि आईची बाग यंदा कशी आहे ते विचारायला लागले.